जुनी गाणी, पण मिक्स कोणतं? झेडझेड टॉपच्या ‘रँचो टेक्सिकानो’विषयी

मित्रहो, जुन्या बँडचं संकलन घ्यायचं म्हटलं की आपण आधी गाण्यांची यादी चाळतो. ‘ला ग्रेंज’ आहे, ‘टश’ आहे, ‘लेग्ज’ आहे, झालं. झेडझेड टॉपच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही. यांच्या सत्तरच्या दशकातल्या गाण्यांची दोन रूपं बाजारात आली आणि नाव दोन्हींचं एकच राहिलं. २००४ साली आलेलं ‘रँचो टेक्सिकानो’ हे दोन सीडींचं, ३८ गाण्यांचं संकलन मला मोलाचं वाटतं ते त्यामुळेच. त्यात ती गाणी मूळ मिक्समध्ये आहेत, म्हणजे वेगवेगळी मुद्रित केलेली वाद्यं आणि गळे एकत्र जुळवून तेव्हा जे रूप ठरलं होतं, त्यात.

घोळ कसा झाला ते पाहू. गिटारवर बिली गिबन्स, बेसवर डस्टी हिल आणि ड्रम्सवर फ्रँक बिअर्ड, असं हे टेक्ससमधल्या ह्यूस्टनचं त्रिकूट २०२१मध्ये हिलचं निधन होईपर्यंत होतं. १९८३चा त्यांचा ‘एलिमिनेटर’ हा अल्बम सिंथेसायझर आणि ड्रम मशीनच्या जोरावर धो-धो खपला. एकट्या अमेरिकेत एक कोटीच्या वर. तेवढ्यात सीडीचा जमाना आला. १९८७च्या ‘सिक्स पॅक’ या जुन्या अल्बमांच्या सीडी-संचासाठी जुन्या मल्टिट्रॅक टेपा (वाद्यं वेगवेगळ्या पट्ट्यांवर मुद्रित केलेल्या) पुन्हा मिक्स करण्यात आल्या. ड्रम्सवर डिजिटल आवाज चढवले, वर भरपूर घुमारा ओतला. जुन्या अल्बमांनी ‘एलिमिनेटर’सारखं वाजावं, हा त्यामागचा हिशोब. पुढे सीडीवर हीच रूपं रुळली. ‘त्रेस ओम्ब्रेस’ आणि ‘फॅन्डँगो!’ हे अल्बम मूळ मिक्समध्ये सीडीवर यायला २००६ उजाडलं. बँडचा पहिला अल्बम, ‘रिओ ग्रांदे मड’ आणि ‘तेहास’ यांना तर २०१३च्या बॉक्स सेटपर्यंत थांबावं लागलं. मधल्या काळात मूळ आवाज पोहोचवला तो २००३च्या ‘क्रोम, स्मोक अँड बार्बेक्यू’ या चार सीडींच्या संचाने आणि पाठोपाठ आलेल्या ‘रँचो’ने.

फरक नेमका कुठे पडतो? ‘ला ग्रेंज’ घ्या. ही चाल ब्लूज गायक जॉन ली हुकरच्या १९४८च्या ‘बूगी चिलन’च्या घराण्यातली, त्यावरून पुढे कोर्टकचेरीही झाली. सुरुवातीला गिटार दबक्या आवाजात चालते आणि बिअर्डची काठी ड्रमच्या कडेवर टकटकत असते. मग सगळा बँड एकदम कोसळतो, तिथे कान द्या. बूगीच्या ‘शफल’ नावाच्या डुलत्या ठेक्यात प्रत्येक ठोक्याचे तीन भाग असतात. पहिला आणि तिसरा वाजतो, मधला रिकामा. तो रिकामा राहिला तरच लय डुलते. मूळ मिक्समध्ये स्नेअर (ड्रम्समधला कडक आवाजाचा ड्रम) कोरडा आहे, वाजला की संपला. त्या मोकळ्या जागेत डस्टी हिलचा बेस आणि गिटारच्या तारेची खरखर स्वच्छ ऐकू येते. रीमिक्समध्ये प्रत्येक ठोक्यामागे घुमाऱ्याची शेपटी रेंगाळते, मधली जागा भरून टाकते आणि डुलणारी लय सपाट होते. तिघांनी जपून सोडलेली जागा अशी बुजवणं मला पटत नाही. पुढे गिटारचा सोलो ‘ए’ सुरावरून ‘सी’वर चढतो. त्या चढण्याची मजा मागचा ठेका मोकळा असेल तरच येते.

दोन प्रती लावून ताडून पाहणार असाल तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. मोठ्याने वाजणारी प्रत कानाला सरस वाटतेच, एखाद्या डेसिबलचा फरकही पुरतो. साधे वायरचे हेडफोन चालतील, फोनचा स्पीकर नको. त्यावर घुमाऱ्याची शेपटी ऐकूच येत नाही आणि दोन्ही मिक्स सारखी वाटायला लागतात.

‘वेटिन’ फॉर द बस’ आणि ‘जीझस जस्ट लेफ्ट शिकागो’ ही गाणी एकापाठोपाठ, मध्ये क्षणाचीही उसंत न घेता लागतात. पहिलं संपतं तोच दुसऱ्याचा ठोका पडतो. सीडीवरून एमपीथ्री फाइल्स केल्या की हा सांधा बहुतेक वेळा तुटतो, कारण एमपीथ्री करताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी काही मिलिसेकंदांची शांतता भरली जाते. फ्लॅक या आवाजाचा कुठलाही अंश न गमावणाऱ्या फाइल-प्रकारात ही भर पडत नाही. तरीही प्लेअरमध्ये गॅपलेसची, म्हणजे गाण्यांमध्ये खंड न पाडण्याची, सोय चालू आहे ना ते पाहा, आणि प्लेअर गाण्यांचा क्रम उलटसुलट करत असेल तर ही जोडी तशी ऐकू नका.

जुन्या सीडी हुडकणाऱ्यांसाठी सांगतो. १९८७ नंतरची पण २००६च्या आधीची ‘त्रेस ओम्ब्रेस’ची सीडी दिसली तर ती रीमिक्स समजून चाला. सत्तरच्या दशकातली लंडन रेकॉर्ड्सची एलपी मिळाली तर निर्धास्त घ्या. रीमिक्स तेव्हा झालंच नव्हतं. फक्त तबकडीवर चरे नाहीत ना, ते उजेडात तिरकं धरून पाहा.

‘रँचो’त एक मोठी उणीव आहे, ती करारांमुळे. बँड नव्वदच्या दशकात वॉर्नर ही रेकॉर्ड कंपनी सोडून आरसीए या दुसऱ्या कंपनीकडे गेला, आणि हे संकलन वॉर्नरच्या खजिन्यातलं. त्यामुळे १९९४च्या ‘अँटेना’पासून पुढचं काही यात नाही, त्यातलं ‘पिनकुशन’ हे गाणं शोधून सापडणार नाही. तो काळही हवा असेल तर २०१९चं ‘गोइन’ ५०’ घ्या: तीन सीडी, ५० गाणी. १९९६चा ‘रिदमीन’ मात्र मी स्वतंत्र आणि पूर्णच ऐकायला सांगेन. सिंथेसायझर बाजूला सारून तिघं पुन्हा जाडजूड, धुळकट ब्लूजकडे वळले ते त्या अल्बममध्ये, आणि त्यातली एक-दोन गाणी उचलून ते कळत नाही.