सातची मोटर दुपारी लावता येईल का?

नमस्कार मंडळी. उन्हाळ्यात संध्याकाळी सात वाजता आपल्या गल्लीत काय होतं हे काय सांगायचं, कुलर लागलेले, टीव्ही चालू, कुणी इस्त्री काढलेली आणि त्यातच सगळ्यांच्या पाण्याच्या मोटरी, मग व्होल्टेज असं पडतं की कुलर फिरतोय का थांबलाय तेच कळत नाही.

दुपारी सोलरची वीज भरपूर असते. दिवस मावळला की ती गेली, आणि नेमका तेव्हाच आपला वापर चढतो, मग भार येतो कोळशाच्या संचांवर. म्हणून जुलै २०२५ पासून महावितरणनं टीओडी मीटरवाल्या (म्हणजे कुठल्या वेळेला किती वीज वापरली ते मोजणाऱ्या मीटरच्या) घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या विजेवर युनिटमागं ८० पैशांपासून सूट ठेवलीय.

पण हिशोब करा ना. एक एचपीची मोटर तासभर चालली तर पाऊण युनिट, इस्त्री एखादं युनिट. महिन्याला ३० युनिट दिवसा सरकवले तरी सुटतात २४ रुपये. त्याच्यासाठी कोण वेळ बदलायलंय?

मला विचाराल तर लोक बदलतील ते डीपीसाठी, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरसाठी. लोड वाढून डीपी जळाली की दुसरी बसेपर्यंत अख्खी गल्ली गच्चीवर, डास वेगळेच. एका डीपीवरच्या घरांनी आपसात ठरवलं की इस्त्री, वॉशिंग मशीन, घरघंटी दुपारीच, तर सातचा लोड तेवढाच हलका. फक्त हे सगळं घरातल्या बाईच्याच गळ्यात घालू नका, सुट्टीच्या दिवशी बटन दाबायला गड्यालाबी येतंय.

शेतकऱ्याला तर कुणी विचारलंबी नाही, वर्षानुवर्षं रात्रीची लाईट आली की बॅटरी घेऊन बांधावर, साप-विंचवातून.

रात्रीचा कुलर मात्र सरकत नाही, लेकरं, म्हातारी माणसं झोपणार कशी? आणि नळ. आठ-आठ दिवसांनी येणारं पाणी रात्री आलं तर काय करायचं? हौद असेल तर पाणी त्यात पडू द्या, वरच्या टाकीत दुसऱ्या दिवशी दुपारी चढवा. ज्यांच्याकडं हौदच नाही त्यांनी खुशाल तेव्हाच मोटर लावावी, त्यांना कुणी बोलू नये.