खुर्चीवरच्या दोन उशा

नमस्कार, श्रोतेहो. कर्करोगाचे उपचार संपल्यावर अंगातली गेलेली ताकद पन्नाशीच्या उंबरठ्यावर परत कशी मिळवायची, याविषयी आज मला बोलायचे आहे. मी डॉक्टर नाही; वयाच्या ४८व्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन या तिन्हींतून गेलेली एक बाई म्हणून बोलते आहे.

शेवटचे रेडिएशन होऊन दोन महिने झाले होते. रिपोर्ट चांगले होते, डोक्यावर बोटभर केस आले होते आणि भेटायला येणारा प्रत्येक जण ‘आता सुटलीस’ असे म्हणत होता. अशाच एका दुपारी, घरात कोणी नसताना, गोळ्यांच्या बाटलीचे झाकण माझ्या हातातून निसटले आणि घरंगळत पलंगाखाली गेले. केमोमुळे बोटांची टोके बधिर झालेली असल्याने वस्तू अशा निसटत असत. मी जमिनीवर बसले, हात लांब करून झाकण बाहेर काढले आणि उठायला गेले, तर मला उठताच येईना. कुठे दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती. मांड्यांमध्ये उठण्यापुरते बळच उरले नव्हते. शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हातावर भार द्यायची भीती वाटत होती आणि दुसरा हात एकटा पुरत नव्हता. तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा पुन्हा खाली बसले. शेवटी कुशीवर वळून, गुडघ्यांवर येऊन, पलंगाच्या कडेवर कोपरे रोवून मी उभी राहिले, तोवर वीस मिनिटे उलटून गेली होती. झाकण मुठीतच होते.

घरी मी हे कोणाला सांगितले नाही, फिजिओथेरपिस्ट बाईंना मात्र सांगितले. त्यांनी एक साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली, मला हात छातीशी दुमडायला लावले आणि ३० सेकंदांत किती वेळा उठता-बसता येते ते मोजले. दोनदा जमले, तिसऱ्या वेळी मी अर्ध्यातूनच धपकन खाली बसले. मग त्यांनी बैठकीवर दोन कडक उशा ठेवल्या. बैठक उंच झाली, मांड्यांवरचा भार कमी झाला आणि मी सलग आठ वेळा उठले. एक दिवसाआड, आठ-आठच्या दोन फेऱ्या, एवढेच त्यांनी नेमून दिले. तीन आठवड्यांनी एक उशी निघाली. दुसरी निघायला महिना लागला, कारण मध्ये तापाने आठ दिवस गेले. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस त्याच खुर्चीवरून, उशीशिवाय, ३० सेकंदांत मी तेरा वेळा उठले.

खुर्चीचा विषय निघालाच आहे तर सांगते, रुग्णालयांच्या प्रतीक्षागृहांत हात नसलेल्या, खोल रुतणाऱ्या बैठका नसाव्यात, असे माझे ठाम मत आहे. केमोच्या दिवसांत माणसाला तिथून उठण्यासाठी दुसऱ्याचा हात मागावा लागतो.

आता हे बळ जाते कुठे? महिनोन्‌महिने हालचाल मंदावते, केमोबरोबर दिली जाणारी स्टेरॉइडे मांड्यांचे स्नायू झिजवू शकतात, उपचारांमुळे अनेकींची पाळी लवकर थांबते, आणि चाळिशीनंतर स्नायू तसेही घटू लागलेले असतात. जवळची माणसे मायेनेच ‘आराम कर’ म्हणतात. परंतु उपचारांनंतरचा थकवा नुसत्या आरामाने जात नाही, तो हळूहळू वाढवलेल्या व्यायामाने कमी होतो. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत आठवड्यातून तीनदा ३० मिनिटे दम थोडा वाढेल असा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. पुन्हा सांगते: तीनदा दमाचा, दोनदा ताकदीचा. दम किती वाढावा, तर बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतका. चालणे हवेच, पण केवळ चालणे पुरे नाही. मी स्वतः रोज चालत होते, आणि तरीही जमिनीवरून उठू शकले नव्हते.

शस्त्रक्रियेत काखेतल्या लसीका-गाठी काढलेल्या स्त्रियांना, हाताला सूज येईल म्हणून, ‘त्या हाताने काही उचलू नका’ असे सांगितले जाई. २००९ मध्ये हाताला सूज असलेल्या १४१ स्त्रियांच्या अभ्यासात, देखरेखीखाली अगदी हलक्या वजनापासून सुरुवात करून सावकाश वाढवलेल्या व्यायामाने सूज वाढली नाही, उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी झाले. मात्र सुरुवात जाणकारासमोरच करावी. डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रास्टुझुमॅब ही कर्करोगावरची औषधे घेतलेल्यांनी हृदयाविषयी, आणि हाडे ठिसूळ झालेल्यांनी किंवा आजार हाडांत पसरलेल्यांनी कोणत्या हालचाली टाळाव्यात याविषयी, डॉक्टरांना आधी विचारावे. अंगात ताप असेल त्या दिवशी व्यायाम नाही.

आणि खाडा झाला, तर जिथे थांबलात तिथून पुढे जाण्याची घाई करू नका. एक पायरी मागे येऊन सुरू करा. तापानंतर मीही काढलेली उशी आठवडाभर परत ठेवली होती. आज मी ५२ वर्षांची आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी दोन्ही हातांत दोन-दोन किलोची वजने घेऊन त्याच खुर्चीवरून उठते-बसते, आणि शेवटी एकदा जमिनीवर बसून, पलंगाला हात न लावता उभी राहते.

नमस्कार.