पाइपलाइनमधलं एसक्यूएल: दुसऱ्यांदा चाललं तर?

एखादी क्वेरी आपण हाताने चालवतो तेव्हा निकाल बघायला स्वतः समोर असतो. किती ओळी बदलल्या ते दिसतं, शंका आली तर रोलबॅक करता येतं, म्हणजे बदल रद्द करता येतो. तीच क्वेरी डेटा इंटिग्रेशनच्या पाइपलाइनमध्ये, म्हणजे एकीकडचा डेटा दुसरीकडे आपोआप नेणाऱ्या कामांच्या साखळीत, ठेवली की समोर कुणी नसतं. शेड्यूलर ठरल्या वेळी ती चालवतो, कनेक्शन तुटलं तर पुन्हा चालवतो, आणि कुणी जुन्या तारखेचा डेटा परत भरायला सांगितला तर आणखी एकदा चालवतो. म्हणून आजचं बोलणं एकाच प्रश्नाभोवती आहे: हे स्टेटमेंट दुसऱ्यांदा चाललं तर टेबलात काय उरेल? जॉइन, ग्रुप बाय वगैरे तुम्हाला येतं असं धरतो.

असं पुन्हा चालणं नेहमीचंच आहे, ते कसं घडतं ते बघा. पाइपलाइनने कमिट (बदल कायम करा ही आज्ञा) पाठवलं, डेटाबेसने ते पूर्ण केलं, आणि 'झालं' हा निरोप परत येताना नेटवर्क तुटलं. पाइपलाइनला कमिट झालं की नाही हे त्या क्षणी कळायला मार्ग नाही. तिच्या लेखी काम फसलं, त्यामुळे ती रीट्राय करणार, आणि तिने करायलाही हवं. आता ते स्टेटमेंट साधं 'इन्सर्ट इन्टू … सिलेक्ट' असेल आणि टेबलाला युनिक की (एकच ओळ दोनदा येऊ न देणारा नियम) नसेल, तर त्या दिवसाची विक्री दुप्पट झाली. त्रुटी कुठेच नाही, लॉग स्वच्छ, आणि अहवाल मात्र चुकलेला.

यावर सगळ्यात साधा आणि मला सगळ्यात भरवशाचा वाटणारा उपाय म्हणजे तुकडा पुसून पुन्हा भरणं. ज्या तारखेचा डेटा आणायचा त्या तारखेच्या ओळी आधी डिलीट करायच्या, मग इन्सर्ट करायच्या, आणि दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे होतील तर दोन्ही, नाहीतर काहीच नाही. दहादा चालवलं तरी निकाल तोच. इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, तारीख डेटाबेसच्या घड्याळातून घ्यायची नाही. 'करंट_डेट' वापरली आणि सोमवारचा फसलेला रन गुरुवारी पुन्हा चालवला, तर तो गुरुवारचा तुकडा भरेल आणि सोमवार रिकामाच राहील. एअरफ्लोसारखा शेड्यूलर प्रत्येक रनला त्याच्या कालखंडाची सुरुवात आणि शेवट देऊ शकतो, त्या दोन किमती पॅरामीटर म्हणून क्वेरीत आणा. दुसरी गोष्ट सीमेची. 'बिटवीन' दोन्ही टोकं धरतं, त्यामुळे मध्यरात्री बरोबर शून्य सेकंदाला नोंदलेली ओळ दोन्ही दिवसांच्या निवडीत येते. सुरुवातीला 'मोठं किंवा समान' आणि शेवटाला फक्त 'लहान' अशी अर्धी उघडी सीमा ठेवली की प्रत्येक ओळ नेमक्या एका तुकड्यात पडते. डिलीट आणि इन्सर्ट या दोघांची सीमा अक्षरशः तीच हवी, हे वेगळं सांगायला नको, पण चुका तिथेच होतात.

पूर्ण टेबल बदलायचं असेल तर हात आपोआप ट्रन्केटकडे, म्हणजे टेबल एकदम रिकामं करणाऱ्या आज्ञेकडे, जातो. इथे डेटाबेसगणिक वागणं बदलतं. ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये ट्रन्केट हे डीडीएल (टेबलाची रचना बदलणारी आज्ञा) मानलं जातं आणि ते चाललं की कमिट आपोआप होतं. म्हणजे 'ट्रन्केट, इन्सर्ट, कमिट' अशी मांडणी केली आणि इन्सर्ट फसला, तर रोलबॅक करूनही जुना डेटा परत येत नाही, वाचणाऱ्याला रिकामं टेबल दिसतं. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रन्केट ट्रान्झॅक्शनच्या आत राहतं, रोलबॅक होतं. पण पोस्टग्रेसमध्ये ते टेबलावर सर्वांत कडक लॉक घेतं आणि कमिट होईपर्यंत साधं सिलेक्टसुद्धा थांबून राहतं. अर्ध्या तासाचा लोड असेल तर अर्धा तास अहवाल अडकले. तेव्हा मोठं टेबल बाजूला नव्या नावाने भरावं, तपासावं आणि शेवटी नावांची अदलाबदल करावी. मायएसक्यूएलचं 'रीनेम टेबल' एकाच स्टेटमेंटमध्ये दोन्ही नावं बदलतं, पोस्टग्रेसमध्ये दोन 'आल्टर टेबल' एका ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवता येतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये पार्टिशन स्विच आहे. पोस्टग्रेसमध्ये जुन्या टेबलावर बांधलेले व्ह्यू नाव बदलल्यावरही जुन्याच टेबलाला धरून राहतात, तेवढं लक्षात असू द्या.

आता मर्ज. स्रोतातून फक्त बदललेल्या ओळी येतात तेव्हा तुकडा पुसता येत नाही. प्रत्येक ओळीची ओळख पटवणारी की बघून, ओळ आधीच असेल तर अपडेट आणि नसेल तर इन्सर्ट करावं लागतं, आणि मर्ज हे एकाच स्टेटमेंटमध्ये करतं. पोस्टग्रेसमध्ये मर्ज १५व्या आवृत्तीत, म्हणजे २०२२मध्ये आलं. त्याआधी ९.५पासून 'इन्सर्ट … ऑन कॉन्फ्लिक्ट' होतंच. मायएसक्यूएलमध्ये मर्ज नाही, तिथे 'ऑन डुप्लिकेट की अपडेट' आहे. मर्जची नेहमीची अडचण अशी की येणाऱ्या बॅचमध्ये एकच की दोनदा असते, कारण एका ऑर्डरची स्थिती दिवसात दोनदा बदललेली असते. ओरॅकल इथे ओआरए-३०९२६ देऊन थांबतं, पोस्टग्रेस सांगतं की एकच ओळ दुसऱ्यांदा बदलता येणार नाही. ही त्रुटी आली तर आनंद माना, कारण डेटाबेसने तुम्हाला वाचवलं. उपाय स्टेजिंग टेबलात, म्हणजे येणारा डेटा आधी तात्पुरता उतरवतो तिथे, करायचा: कीनुसार पार्टिशन, बदलाच्या वेळेनुसार उतरता क्रम, 'रो_नंबर' काढून पहिली ओळ घ्यायची. दोन ओळींची वेळ सेकंदापर्यंत सारखी असू शकते, म्हणून क्रमात आणखी एक कॉलम हवा, उदाहरणार्थ स्रोताचा वाढता क्रमांक. तो नसेल तर प्रत्येक रनला वेगळी ओळ जिंकू शकते.

आणि दोन रन एकाच वेळी चालू झाले तर? मर्ज यापासून वाचवत नाही. दोघांनाही ओळ सापडली नाही, दोघांनी इन्सर्ट केलं, की एकाला युनिकची त्रुटी येते. युनिक कन्स्ट्रेंट नसेल तर दोन्ही ओळी राहतात. शेड्यूलरमध्ये एका वेळी एकच रन अशी मर्यादा घाला आणि शक्य असेल तर डेटाबेसच्या पातळीवरही नावाने लॉक घ्या: पोस्टग्रेसमध्ये ॲडव्हायझरी लॉक (तिथे नावाऐवजी क्रमांक द्यायचा), मायएसक्यूएलमध्ये 'गेट_लॉक', एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'एसपी_गेटॲपलॉक'. कन्स्ट्रेंटमुळे लोड हळू होतो म्हणून ते काढून टाकायचा सल्ला अनेकदा दिला जातो. मला तो पटत नाही. टेबलातलं शेवटचं कुंपण तेच आहे.

स्टेटमेंट कोणत्या क्रमाने आणि कोणत्या कनेक्शनवर चालतं, याबद्दल टूलगणिक समजुती वेगळ्या असतात. पेंटाहो डेटा इंटिग्रेशन या टूलच्या ट्रान्सफॉर्मेशनमध्ये, म्हणजे ओळींवर प्रक्रिया करणाऱ्या आराखड्यात, सगळ्या स्टेप एकाच वेळी सुरू होतात, बाण फक्त ओळींचा प्रवास दाखवतात. तिथली 'एक्झिक्यूट एसक्यूएल स्क्रिप्ट' ही स्टेप, प्रत्येक ओळीसाठी चालवायचा पर्याय निवडला नसेल तर, सुरुवातीच्या तयारीच्या टप्प्यातच चालून जाते. आराखड्याच्या शेवटी ठेवलेलं 'अपडेट' सगळ्यात आधी चालतं ते यामुळे. क्रम हवा असेल तर ते काम जॉबमध्ये, म्हणजे एकामागून एक कामं चालवणाऱ्या आराखड्यात, स्वतंत्र एन्ट्री म्हणून ठेवायचं. एसएसआयएस या एसक्यूएल सर्व्हरच्या डेटा इंटिग्रेशन टूलमध्ये कनेक्शन मॅनेजरचा 'रिटेन सेम कनेक्शन' हा गुणधर्म मुळात बंद असतो. एका टास्कमध्ये तात्पुरतं टेबल बनवलं आणि पुढच्या टास्कला ते सापडलं नाही, तर बहुतेक वेळा कारण हेच, कनेक्शन बदललं आणि सेशनबरोबर टेबलही गेलं. टाइम झोन, सर्च पाथ असल्या सेशनच्या सेटिंग्जचंही तसंच. कनेक्शन पूलमधून, म्हणजे पुन्हा वापरायला उघड्या ठेवलेल्या कनेक्शनमधून, आलेलं असेल तर आधीच्या कामाची सेटिंग तुमच्या वाट्याला येऊ शकते, म्हणून जे गृहीत धरता ते रनच्या सुरुवातीला स्वतः सेट करा.

जेडीबीसी (जावातून डेटाबेसशी जोडण्याची पद्धत) कनेक्शन उघडलं की ऑटोकमिट चालू असतं, म्हणजे प्रत्येक स्टेटमेंट आपोआप कमिट होतं. पायथनच्या डेटाबेस एपीआयच्या नियमाप्रमाणे ते सुरुवातीला बंद असायला हवं. म्हणून जावातून आलेल्या माणसाची पायथन स्क्रिप्ट बिनचूक चालते आणि टेबल रिकामं राहतं, कमिट कुणी केलेलंच नसतं. उलट बाजूला, ऑटोकमिट चालू ठेवून डिलीट आणि इन्सर्ट एकापाठोपाठ चालवले तर दोन्ही सुटे कमिट होतात आणि मघाची सगळी हमी संपते. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनच्या आत एक स्टेटमेंट फसलं की पुढची सगळी नाकारली जातात. त्रुटी गिळून पुढे जाणारा कोड तिथे चालत नाही, सेव्हपॉइंट (ट्रान्झॅक्शनमधली परतीची खूण) लावावा लागतो. टेबलातली जुनी जागा साफ करणारं 'व्हॅक्यूम' आणि लिहिणं न अडवता इंडेक्स बांधणारं 'क्रिएट इंडेक्स कन्करंटली' तर ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये चालतच नाहीत, त्यांच्यासाठी ऑटोकमिटचं वेगळं कनेक्शन ठेवा.

एका फाइलमधली अनेक स्टेटमेंट्स टूल सहसा अर्धविरामावर तोडतं. स्ट्रिंगच्या आत किंवा प्रोसीजरच्या अंगात अर्धविराम असला की तुकडे चुकीचे पडू शकतात. एसक्यूएल सर्व्हरमधलं 'गो' आणि ओरॅकलच्या स्क्रिप्टमधली एकटी तिरकी रेघ या क्लायंट टूलच्या खुणा आहेत, ड्रायव्हरमार्फत त्या सर्व्हरकडे गेल्या तर तो त्यांना ओळखत नाही.

पॅरामीटरच्या बाबतीत थोडक्यात: किमती नेहमी बाइंड करा, म्हणजे क्वेरीपासून वेगळ्या पाठवा, मजकूर जोडून क्वेरी बनवू नका. सुरक्षेचा मुद्दा आहेच, शिवाय ०३/०४ हा मजकूर एका सर्व्हरवर तीन एप्रिल आणि दुसऱ्यावर चार मार्च होतो, तर बाइंड केलेली तारीख तारीखच राहते. टेबलाचं नाव बाइंड होत नाही, ते आधी ठरवलेल्या यादीशी ताडूनच क्वेरीत घालायचं. बाइंड पॅरामीटरच्या संख्येलाही मर्यादा आहे: एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका विनंतीत २१००, पोस्टग्रेसच्या प्रोटोकॉलमध्ये ६५५३५. वीस कॉलमच्या ओळी एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका इन्सर्टमधून शंभराच्या आसपासच जातात. लाखो ओळी असतील तर इन्सर्टच्या नादी न लागता पोस्टग्रेसचं 'कॉपी', मायएसक्यूएलचं 'लोड डेटा' किंवा एसक्यूएल सर्व्हरचं बल्क इन्सर्ट वापरून स्टेजिंग भरा आणि पुढचं काम डेटाबेसच्या आत करा. वाचतानाही फेच साइज, म्हणजे एका फेरीत किती ओळी येतात ते, बघा. ओरॅकलच्या जेडीबीसी ड्रायव्हरमध्ये तो मुळात १० असतो, म्हणजे दर दहा ओळींमागे एक फेरी. पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरमध्ये ऑटोकमिट चालू असेल तर फेच साइज लागूच होत नाही, पूर्ण निकाल मेमरीत येतो आणि प्रोसेस मेमरी संपून मरते.

आता वॉटरमार्क, म्हणजे कुठपर्यंत वाचलं याची खूण, कारण इथे डेटा हरवतो आणि महिनोन्महिने कळत नाही. 'मागच्या वेळच्या कमाल वेळेनंतर बदललेल्या ओळी आणा' ही पद्धत सगळीकडे आहे. समजा स्रोतात एक ट्रान्झॅक्शन १०:०० वाजता सुरू झालं, ओळीवर बदलाची वेळ १०:०० पडली, पण कमिट १०:०७ला झालं. तुमची क्वेरी १०:०५ला चालली. तिला ही ओळ दिसली नाही, १०:०४ची दुसरी ओळ दिसली आणि वॉटरमार्क १०:०४वर गेला. पुढच्या रनला १०:०० ही वेळ मागे पडलेली, ती ओळ कधीच येणार नाही. म्हणून वाचताना वॉटरमार्कच्या मागे ठरावीक वेळ जाऊन वाचा. किती मागे, हे स्रोतातल्या सगळ्यात लांब ट्रान्झॅक्शनवरून ठरवा. ओळी दुसऱ्यांदा येतील, पण मर्ज पुन्हा चालण्याजोगं असेल तर त्याने बिघडत नाही. वॉटरमार्क ज्या टेबलात ठेवता ते लक्ष्य डेटाबेसमध्येच ठेवा आणि मर्जच्या त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये बदला. डेटा एकीकडे कमिट झाला आणि वॉटरमार्क दुसरीकडे फाइलमध्ये लिहिला, तर दोघांमध्ये फट राहते. स्रोतातून डिलीट झालेल्या ओळी मात्र या पद्धतीने कधीच कळत नाहीत. त्यासाठी कीची पूर्ण यादी ठरावीक काळाने आणून ताडावी लागते, किंवा डेटाबेसच्या लॉगवरून बदल वाचावे लागतात.

शून्य ओळी बदलणारं अपडेट डेटाबेसच्या दृष्टीने यशस्वीच असतं. म्हणून ओळींचा आकडा पाइपलाइनने स्वतः तपासायला हवा: स्रोतातून किती आल्या, स्टेजिंगमध्ये किती, लक्ष्यात किती. मायएसक्यूएलमध्ये 'ऑन डुप्लिकेट की अपडेट' प्रत्येक बदललेल्या ओळीमागे २ मोजतं, तो आकडा सरळ ताडू नका. एसक्यूएल सर्व्हरमध्ये अनेक स्टेटमेंट्सची बॅच ओडीबीसी (डेटाबेसशी जोडण्याची आणखी एक पद्धत) वापरून पाठवली आणि पहिल्याच निकालावर थांबलात, तर नंतरच्या स्टेटमेंटची त्रुटी तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. बॅचच्या डोक्यावर 'सेट नोकाउंट ऑन' (ओळींचे आकडे पाठवू नका) आणि 'सेट एक्सॅक्ट_ॲबॉर्ट ऑन' (त्रुटी आली की ट्रान्झॅक्शन रद्द करा) लिहा आणि सगळे निकाल शेवटपर्यंत वाचा. मोठा लोड झाला की लगेच स्टॅटिस्टिक्स (टेबलात काय आहे याचा डेटाबेसकडचा अंदाज) ताजे करा, नाहीतर पुढची क्वेरी टेबल अजून रिकामं समजून चुकीचा प्लॅन निवडते.

तपासणी करताना एकच रन दोनदा चालवून ओळी आणि बेरजा जुळतात का ते बघा. मग मर्ज चालू असताना प्रोसेस मारून पुन्हा चालवा. शेवटी क्रम उलटा करा: आधी आजचा रन, मग गेल्या आठवड्यातल्या जपून ठेवलेल्या फाइलचा. इथे बरीच मर्ज स्टेटमेंट्स पडतात, कारण जुनी ओळ येऊन नवीवर बसते. अपडेटच्या शाखेत 'येणारी बदलाची वेळ टेबलातल्या वेळेपेक्षा नंतरची असेल तरच' अशी अट घाला आणि ती तपासणी पुन्हा चालवा.