मायेच्या आधी नेम

कुत्र्यांना आसरा देऊन पुढे हक्काचे घर मिळवून देणाऱ्या केंद्राचे नाव काढले, की कुरवाळणारे हात आणि हलणाऱ्या शेपट्या डोळ्यांसमोर येतात. ते चित्र खोटे नाही. परंतु सोडून दिलेले, मार खाल्लेले किंवा अपघातातून वाचलेले कुत्रे मायेच्या आधी नेमाने सावरते, असे मला या कामात वारंवार दिसले आहे, आणि आज मी त्या नेमाविषयीच बोलणार आहे.

आमचा दिवस साफसफाईने सुरू होतो आणि तिचा क्रम कधीही बदलत नाही. आधी निरोगी पिल्लांचे कक्ष, मग निरोगी मोठी कुत्री, त्यानंतर नव्याने आलेली आणि विलगीकरणात ठेवलेली, सर्वांत शेवटी आजारी. हा क्रम उलटला, तर बुटांच्या तळव्यांवरून आणि हातांवरून रोग वाहून नेणारे आपणच ठरतो. पार्व्होचा, म्हणजे पिल्लांना जीवघेणे जुलाब-उलट्या करणाऱ्या रोगाचा, विषाणू अनुकूल जागी कित्येक महिने तग धरतो आणि साबणाने किंवा नेहमीच्या अनेक जंतुनाशकांनी तो मरत नाही. म्हणून विष्ठा उचलून, जमीन घासून धुतल्यावरच एक भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी यांचे ताजे द्रावण पसरायचे आणि जमीन १० मिनिटे ओली ठेवायची. घाणीवर ओतलेले ब्लीच वाया जाते. कक्षातली कुत्री बाहेर जायला आतुर झालेली असताना ही १० मिनिटे थांबणे नव्या स्वयंसेवकाला जड जाते, हे मी समजू शकते, तरीही त्यात सूट देता येत नाही.

लसीकरणालाही असाच धीर लागतो. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे, म्हणजे रक्तातले रोगाशी लढणारे घटक, पिल्लाचे रक्षण करतात, पण तीच लसीचा परिणामही रोखू शकतात, आणि ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लाचे वेगळे असते. त्यामुळे पिल्लू किमान १६ आठवड्यांचे होईपर्यंत ठरावीक अंतराने लस द्यावी लागते. एक डोस झाला म्हणून निर्धास्त होऊन पिल्लू घरी नेणाऱ्यांना हे समजावताना मी कधीच घाई करत नाही.

खाणे आणि फिरणे झाल्यावर दुपारी केंद्र पाहुण्यांसाठी बंद असते. अनेक कुत्री एकाच छताखाली भुंकू लागली, की आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो, आणि त्यांचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतात. झोप न मिळालेले कुत्रे चिडते, खात नाही, आणि मग त्याच्या माथी रागीट असा शिक्का बसतो.

एका काळ्या कुत्रीची आठवण मला येथे सांगावीशी वाटते. ती आली तेव्हा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसे, ओठ चाटे, भूक असूनही ताटलीकडे पाहत नसे, आणि कोणी वाकून हाक मारली की तिचे सारे अंग आक्रसून जाई. आम्ही हाका मारणे थांबवले. रोज त्याच वेळी, त्याच व्यक्तीने ताटली ठेवायची आणि तिच्याकडे कूस करून, नजर न भिडवता जमिनीवर बसायचे, एवढेच ठरवले. ते काम माझ्याकडे होते. अकराव्या दिवशी मी तेथेच बसलेली असताना मागून घास चावल्याचा आवाज आला, आणि मी मान वळवली नाही.

घर शोधतानाही आम्ही हीच सावधगिरी बाळगतो. कुत्रे दिसते कसे, यापेक्षा ते एकटे किती वेळ राहू शकते, मुलांच्या धावपळीने बिथरते का, ताटलीजवळ कोणी आले तर गुरगुरते का, हे नोंदवहीतून वाचून दाखवतो. दोष लपवून दिलेले कुत्रे परत येण्याची भीती असते, आणि परत आलेल्या कुत्र्याला सारे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते. कुत्रे परत आणणाऱ्या कुटुंबाला मात्र आम्ही बोल लावत नाही, कारण कुत्र्याला गुपचूप दाराशी बांधून निघून जाण्याऐवजी ते आमच्यापर्यंत आलेले असते.

त्या काळ्या कुत्रीला एका शांत घराने नेले, तेव्हा तिच्या जेवणाच्या वेळा लिहिलेल्या कागदासोबत मी तिच्या अंगाखालची गोधडी तशीच, न धुता दिली. त्या घरातल्या आजींनी ती धुऊन घेऊ का, असे विचारले. ओळखीचा तेवढा एकच वास तिच्यासोबत येणार आहे, म्हणून निदान तीन आठवडे ती धुऊ नये, अशी विनंती मी त्यांना केली.