आधी मोजा, मग पोस्टर लावा

आत्ता सूत्रसंचालकांनी सांगितलं, की गेल्या वर्षीचं युवा मानसिक आरोग्य अभियान प्रचंड यशस्वी झालं. किती पोस्टर लागली, किती व्याख्यानं झाली, किती मुलं हजर होती, सगळं वाचून दाखवलं. मीही वर्षानुवर्षं अहवालांत हेच रकाने भरलेत, तेव्हा तुमच्याकडे बोट दाखवत नाही. पण यातून आपण काय केलं एवढंच कळतं. मुलांचं काय झालं, ते कुठे आहे?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २००१ मध्ये एक अभियान सुरू झालं, ‘कंपास स्ट्रॅटेजी’. आपल्याला कंपास म्हटलं की कर्कटक आणि कोनमापक आठवतात. त्यांच्या मनात होतं होकायंत्र. मेलबर्नचा पश्चिम भाग आणि बार्वन परिसर, वय १२ ते २५. जाहिराती, वेबसाइट, माहितीसाठी फोनसेवा असा सगळा जामानिमा. यात आपल्याला नवं काही नाही. नवं हे, की अभियान सुरू होतानाच त्यांनी तिथल्या ६०० मुलामुलींना फोन करून प्रश्न विचारले. आणि जिथे अभियान नव्हतं, अशा दुसऱ्या भागातल्याही ६०० जणांना. चौदा महिन्यांनी दोन्हीकडे पुन्हा तेवढेच फोन.

तो दुसरा भाग कशाला, असं आपले देणगीदार लगेच विचारतील. कारण त्या चौदा महिन्यांत एखाद्या मालिकेत नैराश्याची गोष्ट आली, पेपरात लेखमाला आली, तर मुलांचं ज्ञान तसंही वाढणारच. मग त्याचं श्रेय आपल्या पोस्टरला कसं द्यायचं?

निकाल काय आला? अभियानाच्या भागात ‘मला नैराश्य आलं होतं’ असं स्वतः ओळखणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. इथे जरा थांबू. हाच आकडा आपल्या जिल्ह्यात आला असता तर दुसऱ्या दिवशी मथळा असता, ‘तरुणाईत नैराश्य वाढले’, आणि पुढच्या वर्षीचा निधी गेला असता! खरं तर याचे दोन अर्थ लागतात. आधी नुसतंच ‘मन लागत नाही’ म्हणणाऱ्याला आपल्या त्रासाचं नाव सापडलं, हा एक. चार दिवसांच्या उदासीलाही मुलं मोठं नाव देऊ लागली, हा दुसरा. आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एकट्या आकड्यावरून यातलं काय खरं ते सांगता येत नाही. शेजारचा आकडा बघावा लागतो. तिथे वर्षभरात नैराश्यासाठी मदत घेतल्याचं सांगणारेही वाढले होते आणि मदत मागण्यातले अडथळे कमी वाटू लागले होते. म्हणून मी पहिल्या अर्थाकडे झुकतो.

उणिवाही आहेत. दोन्ही वेळची मुलं वेगवेगळी होती, त्यामुळे अमुक एक मुलगा बदलला असं म्हणता येत नाही. शिवाय फोन घरी आलाय आणि शेजारी आई उभी आहे, तर पोरगं काय उत्तर देणार?

आता पोस्टरबद्दल. युरोपातल्या दहा देशांत, १६८ शाळांत, अकरा हजारांहून जास्त मुलांवर ‘सेले’ नावाचा, शाळकरी मुलांच्या आत्महत्या रोखण्याबद्दलचा अभ्यास झाला. निष्कर्ष २०१५ मध्ये आले. त्यात तुलनेच्या गटाला, म्हणजे ज्यांना विशेष काही द्यायचं नव्हतं त्यांना, काय दिलं? वर्गात पोस्टर! दुसऱ्या एका गटातल्या मुलांना चर्चेला बसवलं, प्रसंग उभे करून वठवायला लावले. वर्षभरानंतर आत्महत्येचे नवे प्रयत्न पोस्टरच्या गटात १.५१ टक्के होते, चर्चेच्या गटात ०.७० टक्के. आपण ज्याला अभियान म्हणतो, ते त्यांच्या लेखी ‘काही न करणं’ होतं.

मी एका महाविद्यालयात १० ऑक्टोबरचा, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाचा कार्यक्रम केला होता. पोस्टरवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर ठळक छापलेला, दाराशी सेल्फी पॉइंट. अभिप्रायाच्या फॉर्मवर सगळ्यांनी ‘उत्तम’वर खूण केलेली, सूचनांत कुणी लिहिलेलं, ‘पंखा चालत नव्हता’. एका फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात होतं, ‘समुपदेशन खोलीत बाकड्यावरच्या लोकांना न दिसता जाता येतं का?’

मी खाली जाऊन बघितलं. समुपदेशकाची खोली प्राचार्यांच्या दालनासमोर, आणि दोन्ही दारांच्या मधोमध पालकांना बसायचं बाकडं. तिथून आत जाणारं प्रत्येक पोर कुणाच्या ना कुणाच्या आई-वडिलांना दिसायचं. आमच्या फॉर्मवर याबद्दल एकही प्रश्न नव्हता.

प्राचार्य भले होते. पुढच्या सत्रात त्यांनी बाकडं जिन्यापाशी हलवलं. त्यानं मुलं जास्त येऊ लागली का, असं आता तुम्ही विचाराल. आधी किती येत होती ते मी मोजलंच नव्हतं.