पेन्सिलीनं लिहिलेला खुनी

बेळगावात जूनला लागलेला पाऊस थांबायचं नाव घेत नाही, लाईट गेली की शहापुरातल्या मागांची खटखट एकदम बंद, आणि तेवढ्यात माझी मावशी खिडकीतल्या उजेडाला रहस्यकथा घेऊन बसायची. "काय वाचायलीस गं?" म्हटलं की "गप की रे, आत्ताच खून झालाय."

हे पान जरा जवळनं बघा. लायब्ररीचं पुस्तक, दोनदा बाइंडिंग केलेलं, आणि पान २६ वर समासात कुणीतरी पेन्सिलीनं खरडलंय, 'खुनी डॉक्टर'. असल्या माणसाला काय करावं सांगा! पण मावशीनं पुस्तक ठेवलं नाही, डॉक्टर तर डॉक्टर, पण दार आतनं बंद होतं मग तो बाहेर आला कसा, हेच तिच्या डोक्यात, भात करपला तरी.

म्हणजे नाव कळलं तरी कोडं शिल्लकच राहतं. आपल्याकडं बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यात थरार जास्त, पळापळ जास्त. तिकडं इंग्लंडात मात्र याचा चक्क खेळ केला. रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्र्यानं, हो पाद्र्यानंच, १९२९ साली दहा नियम घातले: खुनी सुरवातीलाच गोष्टीत यायला पाहिजे, चोरवाट एकच चालेल, डिटेक्टिव्हला मिळालेला धागा लगेच वाचकालाही दाखवायचा. त्याच वर्षी अमेरिकेत एलरी क्वीन या नावानं लिहिणाऱ्या दोघा मावसभावांनी कादंबरी शेवटाआधी थांबवून वाचकालाच आव्हान दिलं की सगळे धागे तुमच्या हातात आहेत, आता सोडवा. आणि १९२६ ला अगाथा ख्रिस्तीनं रॉजर अ‍ॅक्रॉइडचा खून रचला तेव्हा तर लोक फसवणूक म्हणून भांडले, का ते मी सांगणार नाही, मी काय पेन्सिलवाला नव्हे! पण परत वाचताना धागे समोरच पडलेले दिसतात आणि आपलाच आपल्याला राग येतो, तो राग मला तर फार आवडतो.

तर मावशीचं पुस्तक. शेवटच्या पानावर खुनी निघाला धाकटा भाऊ. डॉक्टर बिचारा निर्दोष.

मावशी खूप हसली. पुस्तक परत द्यायच्या आधी माझ्या दप्तरातनं पेन्सिल घेतली आणि डॉक्टरच्या खाली लिहिलं, 'छे, माळी'.