दहा श्वास, एक मणी

[दृश्य: मण्यांचा श्वासमापक, अगदी जवळून]

वरच्या ओळीत सहा मणी, खालच्या ओळीत पाच. दोन्हींतला शेवटचा मणी लाल. बाजूला एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ.

गडचिरोलीच्या खेड्यांत लहान मुलं न्यूमोनियानं दगावत होती. डॉक्टर लांब, रस्ता नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ठरवलं, हा आजार गावातल्या दाईनंच ओळखायचा आणि औषधही तिनंच द्यायचं. खूण ठरलेली होती. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, त्याहून मोठं मूल 50 किंवा जास्त, तर न्यूमोनिया समजायचा.

पण निरक्षर दायांची मोजणी बारापर्यंतच जायची.

आधी साठपर्यंत आकडे पाठ करून घ्यायचे, मग घड्याळ शिकवायचं, मग दोन्ही एकदम. शाळेची रीत हीच. इथं विचार दुसऱ्या टोकाकडून झाला. दहापर्यंत येतं ना? मग दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून मोजायचं. तान्ह्या बाळासाठी वरची ओळ, मोठ्या मुलासाठी खालची. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर औषध सुरू.

[दृश्य: मण्यावर बोट, समोर बाळाचं पोट]

बोट मण्यावर आहे, नजर बाळाच्या पोटावर. रडणारं मूल आधी शांत कसं करायचं, घाबरलेल्या आईशी काय बोलायचं, घरातल्या सासूला कसं समजावायचं, हे या हातांना कुणी शिकवलेलं नाही. ते आधीपासून येतं. प्रशिक्षणानं भर घातली ती एवढ्या मण्यांची. मोठ्या माणसांना शिकवायला बसणाऱ्यानं ही चौकट पुन्हा पुन्हा बघावी असं आम्हाला फार वाटतं.

[दृश्य: सतरंजी, गोल बसलेल्या बाया, मधे बाहुली]

पुढचा टप्पा नवजात बाळांचा. आता शिकणाऱ्या होत्या गावातल्याच थोडं शिकलेल्या बाया, आरोग्यदूत. मधली बाहुली म्हणजे जन्मल्यावर न रडलेलं बाळ. तोंडावर मास्क नीट बसला पाहिजे, त्याला जोडलेली हवेची पिशवी दाबली की छाती वर आली पाहिजे. एकजण करते, बाकीच्या बघतात. मास्क सुटला की शेजारचीच हात पुढे करते. शिकवणारीही सतरंजीवरच बसली आहे, हे मुद्दाम बघा. चाळीशीच्या बाईला चुकण्याची भीती नसते, चारचौघीत हसं होण्याची असते. शिकवणारी खुर्चीवर बसली, तर बाई हात मागे घेते.

[दृश्य: झोळीचा काटा]

काट्याला झोळी, झोळीत बाहुली. काट्याची ओळख करून द्यायला वेळ लागला नाही. मोहफुलं विकताना व्यापाऱ्याच्या काट्यावर डोळा ठेवणाऱ्या बाया आहेत या. वेळ लागला तो आकडा कागदावर लिहायला, आणि त्या कागदावरून उद्या काय करायचं ते ठरवायला. तिथं घाई करून चालत नाही. शिकवायचं, गावात पाठवायचं, मागोमाग पर्यवेक्षकानं तिथं जायचं, बाईचं काम तिच्यासमोर बसून बघायचं, मग पुढचं शिकवायचं.

या पद्धतीनं 39 गावांत काम झालं. नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाल्याचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, आणि 2011 पासून घरोघरी नवजात बालसेवा देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली.

[दृश्य: आशाताईंचं प्रशिक्षण, दप्तरातून निघणारे फॉर्म]

आशाताईंसाठी या प्रशिक्षणाचे दिवस 20 ठरले, पण सलग नव्हे. पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्या. मधल्या काळात ताई आपल्या गावात. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी भेट. घरीच झालं असेल, तर पहिल्या दिवशीही. प्रत्येक भेटीत ताप, वजन, दूध पिणं बघायचं आणि फॉर्म भरायचा.

दुसऱ्या फेरीला ताई हे फॉर्म घेऊन येतात. ‘हे बाळ दूध ओढत नव्हतं, मी काय करायला हवं होतं?’ प्रश्न ताईंचा, बाळ त्यांच्याच गावातलं. त्या दिवशी प्रशिक्षिकेनं पुस्तिका बाजूला ठेवली आणि सकाळचं सत्र या एका फॉर्मवर घेतलं.